पोस्टकार्डाएवढी जागा

गजभिये मिस्त्रींच्या सदऱ्याचा डावा खिसा कायम खाली ओढलेला असायचा. नवख्या माणसाला वाटे, मिस्त्री पानसुपारीचे शौकीन आहेत. प्रत्यक्षात त्या खिशात मशीनचा फ्यूज असे, पांढरा, चिनीमातीचा, चांगला मुठीएवढा. आरा मशीनच्या पात्याजवळ बोट न्यायचं असलं, मग ते नुसता भुसा झटकायला का असेना, की मिस्त्री आधी भिंतीवरच्या पेटीतून फ्यूज उपसायचे, खिशात टाकायचे आणि मगच मशीनला हात लावायचे. बटण तर बंद केलंय, मग हे कशाला, असं मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"बटन कोनीही दाबते जी," ते म्हणाले. "माह्या खिशात कोनी हात घालत नाई."

सौंसरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. वडील अचानक गेले आणि ते सगळं माझ्या अंगावर पडलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. लाकडाबद्दल माझं ज्ञान एवढंच, की सागवान जड असतं आणि सलई हलकी. संत्र्याचा हंगाम आला की आम्ही पेट्यांच्या पट्ट्या कापायचो, एरवी दारं, खिडक्या, चौकटी. हे सगळं चालायचं ते तुळशीराम गजभिये या एका माणसाच्या जिवावर. मालक म्हणून पाटीवर नाव माझं होतं, पण गिऱ्हाईक आत आलं की माझ्याकडे पाहून मान हलवायचं आणि मिस्त्रींशी बोलायला जायचं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट सुटल्यासारखं वाटायचं.

मिस्त्री रामाकोन्याचे. रोज छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने यायचे. बारीक अंगाचे, पन्नाशीचे, अर्ध्या बाहीचा सदरा, कमरेला पट्टा घट्ट. पूर्ण बाही, गमछा, धोतराचा सोगा, हातातला धागा, अंगठी, यातलं काहीही मशीनजवळ आलेलं त्यांना खपायचं नाही. पांढुर्ण्याचे एक शेठ एकदा दारांचं काम बघायला आले होते. दोन्ही हात अंगठ्यांनी भरलेले. मशीन चालू असताना ते कौतुकाने पट्टीला हात लावायला वाकले. मिस्त्रींनी मशीन बंद केलं, फ्यूज खिशात घातला आणि खिळ्यांचा रिकामा डबा शेठजींपुढे धरून उभे राहिले. शेठजींना आधी कळेना, मग कळलं तेव्हा ते तांबडेलाल झाले. अंगठ्या काही डब्यात पडल्या नाहीत, पण शेठजी चार पावलं मागे जाऊन उभे राहिले आणि पुढचा अर्धा तास तिथून हलले नाहीत.

त्याच शेठजींच्या घराला आम्ही सोळा खिडक्या केल्या. पांढुर्ण्याला ट्रकमधून माल उतरवताना हमालांनी खिडक्यांची सगळी फळकं एकमेकांत मिसळून टाकली. कोणतं फळक कोणत्या चौकटीचं, याची खूण मी खडूने केली होती, ती वाटेत पुसली गेली होती. मिस्त्रींनी हाताला आलं ते फळक उचललं, समोर दिसली त्या चौकटीत लावलं. बसलं. दुसरं उचललं. बसलं. मग त्यांनी मलाच सांगितलं, की तुम्ही डोळे मिटून कोणतंही द्या. सोळाच्या सोळा बसली. शेठजी पुन्हा पुन्हा एकच खिडकी उघडत होते आणि लावत होते. मी परतीच्या वाटेवर मिस्त्रींची इतकी तारीफ केली, की ते वैतागून म्हणाले, यात माझं काय आहे, सकाळची वीस मिनिटं आहेत ती.

ती सकाळची वीस मिनिटं सांगायलाच हवीत, कारण पुढचं सगळं त्या वीस मिनिटांवरच आहे.

मशीनच्या लोखंडी टेबलाला मधोमध फट, तिच्यातून गोल पातं वर आलेलं. शेजारी गाईड. गाईड म्हणजे सागाची जाड सरळ पट्टी. फळी तिला टेकवून पात्यावर सरकवायची. आमचा गाईड दोन लोखंडी खुंट्यांना टेकलेला असे, एक खुंटी पुढे, एक मागे, आणि शिकंज्याने आवळलेला. मिस्त्रींकडे वीतभर शिसवी काडी होती, टोकाला पितळी स्क्रू बसवलेली. रोज सकाळी फ्यूज खिशात गेला, की ते पात्याच्या एका दातावर खडूची खूण करायचे. तो दात पुढे आणून गाईडपासून त्याच्यापर्यंतचं अंतर काडीने घ्यायचे. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागच्या बाजूला न्यायचे आणि तिथे काडी लावून पाहायचे. दात दुसरा घेतलेला चालायचा नाही. दात एकाआड एक वळवलेले असतात, एकाची साक्ष दुसऱ्याला लागू नाही, असं ते सांगायचे.

पुढे आणि मागे अंतर सारखं आलं की माझ्या मते काम झालं. मिस्त्रींच्या मते नाही. मागच्या बाजूला त्यांना एका पोस्टकार्डाएवढी जागा जास्त लागायची. ते पोस्टकार्डही ठरलेलं होतं, त्यांच्या मुलाने भिलाईला नोकरीवर गेल्यावर पाठवलेलं पहिलं. त्यावर "सुखरूप पोचलो" एवढंच लिहिलेलं. मागे काडी आणि दात यांच्या मधे ते पोस्टकार्ड अडखळत न अडखळत सरकलं, की मिस्त्री खुंटीकडे बघून मान हलवायचे. ती जागा कशाला, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"कापलेलं लाकूड फुलते जी. त्याले मागं जागा नसली की ते पात्याले आवळते, अन मंग पातं त्याले उलटं फेकते. मानूस दिसत नाई त्याले."

पातं लाकडाच्या वर नखाएवढंच दिसलं पाहिजे. फळीच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. शेवटचा तुकडा बोटाने ढकलायचा नाही, खाच पाडलेल्या काठीने ढकलायचा. लांब फळी असली, की केशवने पलीकडून कापाच्या फटीत पाचर सारायची. केशव म्हणजे पट्ट्या उचलून रचणारा आमचा माणूस, चाळिशीचा, बोलघेवडा. पण मशीन चालू असताना केशवसुद्धा तोंड उघडत नसे. कापणाऱ्या माणसाला हाक मारायची नाही, हा सगळ्यात कडक नियम होता. एकदा मिस्त्रींची बायको रामाकोन्याहून धावत आली, भिलाईला मुलगा झाला, नातू झाला हे सांगायला. मिस्त्रींनी तिला पाहिलं. ती दारात उभी राहिली. हातातल्या फळीच्या चारही पट्ट्या झाल्या, पातं थांबलं, फ्यूज खिशात गेला, तेव्हा त्यांनी विचारलं, काय झालं. "पोरगा," ती म्हणाली, आणि मग मिस्त्री तिथेच भुशात मटकन बसले आणि हसत सुटले. त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं.

दसऱ्याला आमच्या आईच्या हाताने मशीनची पूजा व्हायची. मिस्त्री त्या दिवशी नसायचे. ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे, दरवर्षी, आणि येताना एखादं पातळसं पुस्तक घेऊन यायचे. पूजेबद्दल त्यांनी कधी वेडावाकडा शब्द काढला नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी ते मशीन पुसून, तेल देऊन, गाईड पात्याशी मिळवून ठेवायचे आणि मला एवढंच सांगायचे, की फुलं खाली ठेवा, टेबलाला ओलं कुंकू लावू नका, गंज चढतो, आणि गाईडला हात लावू नका. वडील होते तोवर हे पाळलं जात होतं. पुढेही दोन वर्षं पाळलं गेलं.

त्या वर्षी आंबिया बहाराची संत्री लवकर भरली होती. मोहगावच्या बागांचा व्यापारी पेट्यांसाठी रोज येऊन बसायचा. दसऱ्याला आई म्हणाली, नुसती खाली फुलं वाहिलेली मशीनला लागत नाहीत, जिथे कामाचा जोर आहे तिथे पूजेचा नाडा बांधायला हवा. मी गाईड काढून भिंतीला टेकवला. आईने दोन्ही खुंट्यांना लाल-पिवळ्या नाड्याचे पाच-पाच वेढे दिले, गाठ मारली, नारळ फोडला. गाईड काढायला नको, असं मी म्हणू शकलो असतो. मिस्त्रींनी सांगितलेलं मला आठवत होतं. मी म्हटलं, कोण पाहतंय, उद्या लावून टाकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता व्यापारी दारात हजर. मी घाईघाईत ब्लेडने नाडे कापले, गाईड खुंट्यांना टेकवला, शिकंजा आवळला. मिस्त्री थोड्या वेळाने आले. रात्रभर गर्दीतून उभ्याने प्रवास केलेला, डोळे लाल, पिशवीत नवं पुस्तक. त्यांनी हात धुतले, फ्यूज खिशात टाकला आणि खिळ्यावरून काडी काढली. व्यापारी घड्याळाकडे बघत होता.

मी म्हणालो, "मिस्त्री, मी मिळवून ठेवलंय. सुरू करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मागून पाह्यलं?"

"पाहिलं."

ते एक क्षण थांबले. मग काडी परत खिळ्याला अडकवली. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या शब्दावर मशीन सुरू केलं, आणि तो शब्द माझा होता.

पेटीच्या टोकाच्या आखूड पट्ट्या होत्या, त्यांना पाचर लागत नाही. तीन निघाल्या. चौथीला लाकूड जळल्याचा वास आला. तो मलाही आला. पुढच्या क्षणी तुकडा मशीनवर नव्हता. मिस्त्री नेहमीप्रमाणे बाजूला उभे होते, तो त्यांच्या बरगडीजवळून निघून गेला. मिस्त्रींच्या पाठीमागे केशव पट्ट्यांची चळत घेऊन वळला होता. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मशीनच्या आवाजातही ऐकू आला.

मिस्त्रींनी मशीन बंद केलं, फ्यूज खिशात घातला आणि मगच केशवकडे धावले. व्यापाऱ्याच्या गाडीतून ते दोघं दवाखान्यात गेले. मी एकटा उरलो. मी मशीनच्या मागे जाऊन वाकलो. मागची खुंटी आणि गाईड यांच्यामध्ये लाल-पिवळा नाडा दाबून बसला होता, दोन वेढे, चपटे झालेले. समोरून दिसण्यासारखे नव्हतेच. मागून पाहिलं असतं तर शेंबड्या पोरालाही दिसले असते. पोस्टकार्डाएवढी जागा ठेवायची तिथे गाईड उलटा पात्याकडे सरकला होता.

मी शिकंजा सैल केला. नाडा काढला. कोपऱ्यात सरस वितळवायची शेगडी पेटलेली होती, तिच्यात टाकला. गाईड परत खुंट्यांना टेकवला आणि आवळला. हे सगळं मी विचार न करता केलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. नाडा पूर्ण जळेपर्यंत मी शेगडीपाशी उभा होतो.

दुपारी मिस्त्री परत आले. केशवच्या हाडाला पट्टा बांधला होता, दीड-दोन महिने लागणार होते. मिस्त्री पाणीसुद्धा न पिता मशीनकडे गेले. दाताला खडू लावला. काडी पुढे लावली, मागे लावली, पोस्टकार्ड सरकवून पाहिलं. अडखळत न अडखळत गेलं. त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. मग तिसऱ्यांदा. मी चार हातांवर उभा होतो.

"गाईड तर बरोबर आहे," ते म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, तेही लहानसं. मी बोललो नाही. आधी वाटलं, आईचं नाव येईल. मग वाटलं, "पाहिलं" म्हणालो होतो त्याचं काय सांगू. खरं सांगायचं तर मला मिस्त्रींच्या नजरेची भीती वाटली. मी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली असती, पण त्यांनी गप्प राहून नुसतं पाहिलं असतं ते मला झेपलं नसतं.

"म्हंजे माहा हातच वाकडा गेला," मिस्त्री म्हणाले. "वास आला होता जी मले. वास येऊनही हात थांबला नाई. झाला हात म्हातारा."

असं होतं कधी कधी, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी फ्यूज खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला. तो अजून त्यांच्या अंगाच्या उबेने कोमट होता.

त्यानंतर ते मशीनवर उभे राहिले नाहीत. मी मिनतवाऱ्या केल्या, पण त्या मिनतवाऱ्यांत जे घालायला हवं होतं ते घातलं नाही. ते कोपऱ्यात बसून हातकरवतीने किरकोळ कामं करू लागले. दर रविवारी केशवच्या घरी जाऊन त्याचा खांदा तेलाने चोळून द्यायचे. केशव बरा झाला, पुन्हा बडबडायला लागला, आणि मिस्त्री मात्र आखलेली प्रत्येक रेघ दुसऱ्याला दाखवू लागले. बघ बरं सरळ आहे का, असं केशवला विचारायचे, मला विचारायचे, एकदा तर चहा घेऊन आलेल्या हॉटेलवाल्याला विचारलं. सोळा खिडक्यांच्या वेळी, डोळे मिटून कोणतंही फळक द्या म्हणणारा हा माणूस.

गावात बोलणं सुरू झालं होतं. आईच म्हणाली होती शेजारणीपाशी, की दसऱ्याच्या दिवशी मशीन टाकून नागपूरला गेला, पूजेला थांबला नाही, मशीन कोपलं. ते फिरत फिरत मिस्त्रींपर्यंत आलं. आमच्याच एका गिऱ्हाइकाने त्यांच्या तोंडावर म्हटलं. मिस्त्री रंधा मारत होते, ते मारतच राहिले. मी गल्ल्यामागे बसलो होतो. काय झालं होतं ते त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. मी गिऱ्हाइकाला म्हणालो, जाऊ द्या हो, विषय कशाला. त्या "जाऊ द्या हो"ची लाज मला अजून वाटते, केशवच्या हाडापेक्षाही जास्त.

वर्षभराने मिस्त्रींनी काम सोडलं. पुढे मी ते मशीन लोधीखेड्याच्या एकाला विकलं. शिसवी काडी खिळ्यावरच राहिली होती, ती घरी आणली आणि कपाटात ठेवली. कपाट उघडलं की ती दिसायची. सहा वर्षं दिसली. मग आई गेली. तिचे दिवस झाल्यावर एका सकाळी मी ती काडी पिशवीत घातली आणि छोट्या गाडीने रामाकोन्याला गेलो. आता आईचं नाव आड येणार नव्हतं, म्हणजे सबबही राहिली नव्हती.

मिस्त्री घरासमोर कडुनिंबाखाली बसले होते. वस्तीतल्या विहाराच्या खिडकीची चौकट करत होते, हातकरवतीने. सगळे केस पांढरे झालेले. मला पाहून धडपडत उठले. बसायला खाट दिली, आईचं ऐकून हळहळले, केशवची चौकशी केली. मग चौकटीचं लाकूड माझ्यापुढे धरलं.

"पाहा बरं विनूभाऊ, रेघ सरळ आहे का?"

मी लाकूड डोळ्यांसमोर धरलं. ती रेघ ओळंब्यासारखी होती. मी तसं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, तुम्ही माझं मन राखून बोलून राहिले.

मग मी सगळं सांगितलं. गाईड काढला ते, नाडा बांधला ते, "पाहिलं" म्हणालो ते, शेगडी, सगळं. सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही, पिशवीतल्या काडीकडे बघत होतो. जी नजर मी इतकी वर्षं टाळली होती ती आता येईल म्हणून मी मान वर केली. मिस्त्रींचे डोळे भरले होते.

"मी सोता पाह्यलं होतं न जी," ते हळूच म्हणाले, एखाद्या आजाऱ्याची समजूत काढावी तसं. "पोस्टकार्ड घालून पाह्यलं. तीनदा. बरोबर होतं."

"ते मी नंतर नीट केलं होतं, मिस्त्री. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा."

त्यांनी मान हलवली. "नाई. तुमी तसे मानूस नाई."

मी शपथ घेतली. कशाची घेऊ कळेना, आईची घेतली. त्यांनी माझा हात धरून ती शपथ थांबवली. दाखवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. जे होतं ते मी माझ्या हाताने जाळलं होतं.

मिस्त्रींनी दाराकडे वळून बायकोला हाक दिली. "अवो, चहा ठेव. विनूभाऊ आले. माही चूक आपल्या आंगावर घ्याले एवढ्या दूर आले."

ती बाहेर आली. पदर सावरून तिने मला हात जोडले. मग चहा आला, दुधाचा, साखर जास्त घातलेला, आणि मी तो प्यायलो.

निघताना मी काडी त्यांना दिली. त्यांनी स्क्रूवरून अंगठा फिरवला, म्हणाले, आता कशाला ही, आणि तरी ठेवून घेतली. गाडीला अवकाश होता, पण मला तिथे थांबवेना. वस्तीच्या वळणावर मी एकदा मागे पाहिलं. मिस्त्री पुन्हा कडुनिंबाखाली बसले होते. समोरच्या घरातल्या बाईला त्यांनी हाक मारून बोलावलं होतं आणि ती ओले हात पदराला पुसत चौकटीच्या लाकडावर वाकली होती. ते तिला रेघ दाखवत होते.